फायरफ्लाय, इंद्रधनुष आणि साठ वर्षांचं कुलूप

'फायरफ्लाय' ही मालिका चालली नाही म्हणून बंद पडली, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी आज भांडायचं आहे. आणि 'आपल्याकडे विज्ञानकथांच्या मालिका चालतच नाहीत हो' असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी तर त्याहून जास्त. लेख लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

निमित्त असं की ऑफिसातला एक मित्र अमेरिकेतलं बिऱ्हाड आवरून परत आला आणि घरात जागा नाही म्हणून त्याने डीव्हीडींचा एक खोका माझ्याकडे आणून टाकला. त्यात 'फायरफ्लाय'चा संच निघाला. चार डीव्हीडी, चौदा भाग. दोन वीकांत त्यातच गेले. अमेरिकेतल्या डीव्हीडीचा विभाग क्रमांक १, आपला ५. म्हणजे तिकडे विकत घेतलेली डीव्हीडी इकडच्या प्लेअरने तोंडातच घ्यायची नाही, अशी व्यवस्था कंपन्यांनी करून ठेवलेली. कम्प्युटरच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा. त्यातली एक संधी मी या मालिकेवर खर्च केली. ती वाया गेली नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल २५१७. पृथ्वी सोडून माणसं दुसऱ्या सूर्याभोवतीच्या ग्रहांवर राहायला गेली आहेत. मधले ग्रह श्रीमंत, चकाचक. कडेचे ग्रह म्हणजे धूळ, घोडे, खाणी आणि उधारी. मधल्यांनी 'अलायन्स' नावाचं सरकार सगळ्यांवर लादलं, कडेच्यांनी लढाई केली आणि हरले. हरलेल्यांपैकी एक सार्जंट, माल्कम रेनॉल्ड्स, एक जुनाट मालवाहू यान घेऊन मिळेल ते काम करतो. थोडं कायदेशीर, बरंचसं बेकायदेशीर. यानात नऊ जणं. त्यांची भांडणं, त्यांचं जेवणाचं टेबल, त्यांचे पैशांचे वांधे. बस्स. परग्रहावरचे हिरवे प्राणी नाहीत, विश्वाचा नाश करणारं यंत्र नाही. आणि अवकाशात स्फोट झाला तर आवाज येत नाही! ज्या मालिकेला हवा नसेल तिथे ध्वनी जात नाही एवढं शाळेतलं विज्ञान माहीत आहे, तिला माझे दहा मार्क तिथेच.

आता फॉक्स या वाहिनीने काय केलं ते बघा. जॉस व्हीडनने दोन तासांचा पहिला भाग बनवला होता, 'सेरेनिटी' नावाचा. त्यात युद्ध कसं हरलं, यानावर कोण कसं आलं, कोणाला कोणापासून लपायचं आहे, हे सगळं नीट बसवलेलं. वाहिनीला तो आवडला नाही. म्हणून व्हीडन आणि टिम मिनीअर यांनी एका वीकांतात 'द ट्रेन जॉब' हा दुसरा भाग लिहिला आणि २० सप्टेंबर २००२ ला मालिका त्या भागाने सुरू झाली. वेळ शुक्रवारची रात्र, म्हणजे ज्या तरुण मंडळींनी ती बघायची ती घराबाहेर. मध्ये बेसबॉलच्या सामन्यांसाठी दांड्या. चौथा म्हणून बनवलेला भाग सहावा दाखवला, आठवा पाचवा दाखवला. आणि तो मूळचा पहिला भाग? तो शेवटी, २० डिसेंबर २००२ ला. चौदातले अकरा भाग दाखवून दुकान बंद.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर इन्स्टॉलर सगळ्यात शेवटी चालवला आणि मग प्रोग्राम का चालत नाही म्हणून प्रोग्रामरला नोकरीवरून काढलं. 'प्रेक्षकांनी नाकारली' म्हणतात ते हेच. प्रेक्षकांना कादंबरीची पानं विस्कटून दिली, तीही अर्धी, आणि वर म्हणायचं की तुम्हाला वाचता येत नाही.

डीव्हीडीचा संच ९ डिसेंबर २००३ ला आला. भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने, आणि न दाखवलेले तीनही भाग त्यात. म्हणजे मालिका बंद पडल्यावर वर्षभराने पहिल्यांदा ती कोणाला तरी धडपणे बघता आली. पहिल्या काही महिन्यांतच दोन लाखांवर संच खपले. त्या विक्रीच्या जोरावर युनिव्हर्सलने २००५ साली 'सेरेनिटी' नावाचा चित्रपट काढला. त्याने तिकीटबारीवर जेमतेम खर्चाइतकेच पैसे आणले, ते सोडून द्या. पण बंद पडलेल्या मालिकेचा चित्रपट निघतो तो डीव्हीडीच्या विक्रीवर, हे लक्षात ठेवा. पुढे जून २००७ मध्ये स्टीव्हन स्वॉन्सन हा नासाचा अंतराळवीर अटलांटिस यानातून जाताना हा डीव्हीडी संच बरोबर घेऊन गेला आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ठेवून आला. चालली नाही म्हणे!

असो. आता मालिकेबद्दल.

मी मूळचा यवतमाळचा. पुण्यातले मित्र ही मालिका बघून 'काउबॉय इन स्पेस' म्हणतात. मला त्यात काउबॉय दिसलेच नाहीत, मला आपला जिल्हा दिसला. 'द ट्रेन जॉब'मध्ये माल आणि त्याची माणसं धावत्या गाडीतून पेट्या चोरतात. नंतर कळतं की पेट्यांत औषध आहे. त्या गावातल्या खाणकामगारांना कामामुळेच एक आजार जडतो आणि हे औषध मिळालं नाही तर ते जगत नाहीत. गाडीत अलायन्सचे सैनिक बसलेले आहेत, पण चोरीचा तपास करायला ते थांबत नाहीत, त्यांना पुढे जायचं आहे. चोरच शेवटी औषध परत नेऊन देतो. हा भाग बघताना मला २०१७ चा हंगाम आठवला. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि मुंबईला त्याची दखल घ्यायला बराच वेळ लागला. पोटासाठी केलेल्या कामातूनच आजार येतो आणि मधल्या ग्रहाला पुढे जायचं असतं. आणि गाडी म्हटल्यावर यवतमाळच्या माणसाला दुसरं काय आठवणार? आपली शकुंतला, कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात घातलेली यवतमाळ-मूर्तिजापूरची अरुंद गाडी. तीही आता धावत नाही.

'जेन्सटाउन' हा भाग तर मी दोनदा पाहिला. चिखल उपसणाऱ्या वेठबिगारांची वस्ती. यानावरचा जेन हा बथ्थड, स्वार्थी गडी पूर्वी कधीतरी तिथल्या मालकाचे पैसे चोरून पळाला होता. पळताना यानाचं वजन कमी करायला त्याला पैसे खाली टाकावे लागले. ते पडले वस्तीवर. वस्तीने त्याचा पुतळा उभारला, त्याच्यावर गाणं रचलं. जेन परत येतो आणि आपला पुतळा बघून गार पडतो. खालच्या लोकांना देव का लागतो आणि तो देव आतून कसा असतो, हे एवढ्या हसतखेळत सांगणारा दुसरा भाग मी कोणत्याच मालिकेत पाहिलेला नाही.

'आउट ऑफ गॅस' हा सगळ्यात चांगला. यानाचं इंजिन बंद पडतं, हवा काही तासांची उरते, कप्तान एकटा मागे राहतो. तीन काळ एकमेकांत विणलेले: आत्ताची जखम, थोड्या वेळापूर्वीचा अपघात, आणि वर्षांपूर्वी हे यान आणि ही माणसं कशी जमली ती गोष्ट. सुटं पहायला गेलात तर गोंधळ वाटेल. क्रमाने आठवा म्हणून पाहिलात तर घशाशी येतं. सात भाग या माणसांबरोबर जेवल्यावरच ती रिकामी खोली रिकामी वाटते. आणि हाच तो भाग, जो वाहिनीने पाचवा म्हणून दाखवला.

भाषेबद्दलही बोलायला हवं. मालिकेतली माणसं इंग्रजी बोलतात आणि शिव्या चिनीत देतात. कल्पना चांगली आहे. सरहद्दीवर भाषा अशाच मिसळतात. पांढरकवड्याच्या बाजारात तासभर उभे राहा. वऱ्हाडी, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी सगळं ऐकू येईल, आणि एकाच माणसाच्या तोंडून तीन भाषा. पण पांढरकवड्याच्या बाजारात त्या भाषा बोलणारी माणसंही असतात! 'फायरफ्लाय'मध्ये चिनी शब्द आहेत, चिनी पाट्या आहेत, आणि नऊ मुख्य पात्रांत चिनी चेहरा एकही नाही. भाषा घेतली, माणसं गाळली. ही या मालिकेची सगळ्यात मोठी खोट आहे आणि चाहत्यांनी ती मान्य करायला हवी. 'हार्ट ऑफ गोल्ड' हा भागही सामान्यच आहे, न दाखवलेल्या तिघांत तोच वगळला असता तर मी तक्रार केली नसती. व्हीडनवर २०२१ मध्ये त्याच्या दुसऱ्या मालिकेतल्या कलाकारांनी वागणुकीबद्दल केलेले आरोपही माहीत असलेले बरे. आपण देवळात बसलेलो नाही, मालिका बघतोय.

पण बघा, ही खोट मी दाखवू शकतो ती कशामुळे? मालिका माझ्या हातात आहे म्हणून. मी मागे जाऊन, थांबवून, दोनदा बघून बोलतोय. वाद घालायलासुद्धा प्रत लागते.

इथून आपल्याकडे येऊ.

१९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' नावाची मालिका लागायची. आनंद महेंद्रू यांचं दिग्दर्शन. मुलं स्वतः कम्प्युटर जोडतात आणि त्यातून त्यांची गाठ परग्रहाशी आणि काळाच्या प्रवासाशी पडते. गिरीश कार्नाड होते त्यात. आणि एक गुबगुबीत मुलगा होता, तो पुढे करण जोहर म्हणून प्रसिद्ध झाला. १९८९! त्या साली यवतमाळात कम्प्युटर बघितलेलं पोरगं शोधावं लागलं असतं. माझ्या पिढीतल्या किती जणांनी त्या मालिकेमुळे 'आपल्यालाही हे जोडता येईल' असं मनात धरलं असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मला एवढंच माहीत आहे की मी धरलं होतं आणि आज त्याच कामाचा पगार घेतोय. त्याच काळात 'स्पेस सिटी सिग्मा' होती, पुठ्ठ्याच्या भिंतींची आणि जिद्दीची. १९९८ च्या सुमारास केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण बाविसाव्या शतकातला कप्तान. इफेक्ट्स आज बघून हसू येईल. पण त्या काळी, त्या पैशांत, कोणीतरी ते इथे बसून केलं होतं.

यातल्या एकाचाही नीट छापील वेष्टनातला, सगळे भाग क्रमाने असलेला संच मला आजवर कुठल्या दुकानात मिळालेला नाही. मुंबई झाली, पुणे झालं, नागपूर झालं. दुकानदार 'रामायण' दाखवतो, 'महाभारत' दाखवतो. 'इंद्रधनुष' म्हटलं की गाण्यांच्या कप्प्याकडे वळतो. ऑनलाइन जे तुकडे सापडतात ते कोणीतरी घरच्या कॅसेटवरून चढवलेले, पाऊस पडल्यासारखं चित्र आणि मध्येच एखादी साबणाची जाहिरात. त्या अनोळखी माणसाचे उपकारच म्हणायचे.

माझा मुद्दा साधा आहे. प्रक्षेपण म्हणजे प्रकाशन नव्हे. एखाद्याने कादंबरी चौकात उभं राहून एकदा मोठ्याने वाचली, हस्तलिखित कपाटात टाकलं आणि किल्ली हरवली, तर आपण ती कादंबरी प्रकाशित झाली म्हणत नाही. मग मालिकेच्या बाबतीत का म्हणतो? (कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत लोकांपर्यंत कुठल्याही मार्गाने पोचवणं हेही प्रकाशनच, याची मला कल्पना आहे. मी वकिलाच्या नाही, वाचकाच्या बाजूने बोलतोय.)

मराठीतलंच उदाहरण घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव होतं जयंत नारळीकरांचं. ती कथा छापली गेली, पुढे त्यांचे कथासंग्रह निघाले, ते आजही दुकानात मिळतात. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा ज्याने कधी त्यांची ओळही वाचली नव्हती तो पोरगाही दुसऱ्या दिवशी जाऊन 'यक्षांची देणगी' आणू शकत होता. हीच कथा फक्त रेडिओवर एकदा वाचून दाखवली असती तर? मराठी विज्ञानकथेची परंपरा आहे असं आपण छाती फुगवून सांगतो ती छापखान्याच्या जिवावर. पडद्यावरच्या विज्ञानकथेची परंपरा 'नाही' असं म्हणतो, कारण तिचा छापखाना आपण कधी चालूच केला नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

एक: "मागणी नाही हो." मागणी कशी कळली तुम्हाला? १९८९ ला दूरदर्शनला स्पर्धकच नव्हता, टीआरपीची भानगड नव्हती. लोकांनी नाकारली म्हणायला दुसरा पर्यायच नव्हता. आणि विकायलाच न ठेवलेल्या मालाला मागणी नाही हे कोणत्या खातेवहीत दिसतं? आपल्याकडे डीव्हीडी घेणारं गिऱ्हाईक नव्हतं असंही नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा ती यवतमाळच्या बसस्टँडवरही मिळायची. चौतीस रुपयांत! त्या दोन-चार वर्षांत एखाद्याने ही मालिका काढली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. ती कंपनीही पुढे २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

दोन: "हक्कांचा गुंता आहे." असणारच. निर्माता एक, वाहिनी दुसरी, संगीत तिसऱ्याचं. पण या गुंत्याची किंमत काय ते मोजा. आपल्या कायद्यात चित्रफितीवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९८९ ची मालिका १ जानेवारी २०५० ला मोकळी होणार. तोवर तिला हात लावायचा नाही. आणि टेप तोवर थांबणार आहे का? मॅग्नेटिक टेपवरचा लेप सुटतो, दमट हवेत चिकटतो, बुरशी येते. टेप टिकली तर ती वाजवायचं मशीन टिकत नाही. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेट २०१६ च्या मार्चमध्ये थांबवल्या, आणि व्हीसीआर बनवणारी फुनाई ही कंपनी त्याच वर्षी जुलैमध्ये थांबली. कायदा साठ वर्षांचं कुलूप लावतो, आणि कुलूप उघडेल तेव्हा पेटीत भुकटी असेल. याला संरक्षण म्हणतात!

तीन, आणि हा आक्षेप तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओठावर असेल: "अरे, आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं. डीव्हीडी कोण ठेवतं?" बरं. डिस्नेने 'विलो' ही मालिका २०२२ च्या शेवटी आणली, आठ भाग. मे २०२३ मध्ये स्वतःच्याच सेवेवरून काढून टाकली. सहा महिन्यांचंसुद्धा आयुष्य नाही. 'वेस्टवर्ल्ड'सारखी मोठी, गाजलेली विज्ञानकथा एचबीओने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सेवेवरून उतरवली. पण 'वेस्टवर्ल्ड'च्या डिस्क लोकांच्या घरात आहेत, ती मरत नाही. 'विलो'ची प्रत कोणाच्या घरात आहे? प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' सुरू केलं, जुन्या मालिका तिथे येतायत, आनंद आहे, मनापासून. पण तिथलं बटण त्यांच्या हातात आहे. उद्या सर्व्हरचा खर्च कोणाला खुपला, एका कारकुनाने एक ओळ खोडली, की संपलं. आपण सॉफ्टवेअरवाले लोक. एकच प्रत, एकाच ठिकाणी, एकाच मालकाकडे, याला आपण ऑफिसात बॅकअप म्हणतो का? ज्युनियरने असं केलं तर त्याला उभा आडवा घेतो. आणि घरी येऊन आपल्या आख्ख्या बालपणासाठी तीच व्यवस्था पुरेशी मानतो.

प्रती विखुरलेल्या असल्या तरच गोष्टी वाचतात, हे बीबीसीकडून शिका. त्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुन्हा वापरायला म्हणून 'डॉक्टर हू'चे भागच्या भाग पुसले. आजही नव्वदच्या वर भाग बेपत्ता आहेत. २०१३ मध्ये नऊ भाग सापडले ते कुठे? नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्राच्या फडताळात. लंडनमधल्या तिजोरीने गमावलं, आडगावच्या कपाटाने राखलं. आडगावच्या माणसाला याचं आश्चर्य वाटत नाही.

आणि आडगावाबद्दलच शेवटचं, कारण मला खरा राग त्याचा आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकदाच दाखवायचं ही पद्धत मुळातच शहरासाठी आहे. आमच्याकडे मालिका लागायची तेव्हा वीज असेलच याची खात्री नसायची. वीज असली तर वाऱ्याने अँटेना फिरायचा. वीस वर्षांपूर्वीच्या भारनियमनात खेड्यांतून दिवसाचे बारा-बारा तास दिवे नसायचे. घाटंजीचा माझा एक मित्र परवा फोनवर म्हणाला, "काहून बे, शेवटच्या भागात काय झालं होतं ते तुले तरी माहीत हाय का? आमच्याकडे तवा लाइन गेली होती." पस्तीस वर्षं झाली. हा माणूस आज स्वतः कॉलेजात शिकवतो. त्याला अजून शेवट माहीत नाही! मुंबईतल्या पोराने तो बघितला असेल. म्हणजे मधल्या ग्रहावर एक मालिका लागली होती, कडेच्या ग्रहावर दुसरीच, भोकं पडलेली. डीव्हीडी ही या दोघांना सारखी मिळणारी एकच वस्तू होती. वीज आल्यावर लावा, गेली तर उद्या लावा, शेजाऱ्याला द्या, धाकट्या भावाला द्या. तिला रेंज लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, पासवर्ड लागत नाही. ज्यांना हे जुनाट वाटतं त्यांची लाइन कधी गेलेली नसावी.

तेव्हा माझ्या मागण्या, क्रमाने.

दूरदर्शनने पहिल्यांदा फक्त यादी जाहीर करावी. विज्ञानकथांच्या आणि मुलांच्या कोणत्या मालिकांचे कोणते भाग कपाटात शिल्लक आहेत, कोणते पुसले गेले. यादीला हक्क लागत नाहीत, फक्त लाज बाजूला ठेवावी लागते. निर्मात्यांनी, त्यांच्या वारसांनी, आपल्याकडच्या टेप आत्ताच डिजिटल करून घ्याव्यात, हक्कांचं भांडण नंतर सावकाश करावं. नफा नको असेल तर पाचशे प्रती काढा आणि आगाऊ पैसे घ्या. लोक देतील.

आणि तुम्ही, म्हणजे आपण. महिन्याला तीन-चार सेवांचं भाडं न बघता भरणारे आपण. भाडं भरून घर आपलं होत नाही हे फ्लॅटच्या बाबतीत आपल्याला बरोबर कळतं. आवडलेल्या एका तरी मालिकेची प्रत विकत घेऊन घरात ठेवा. आणि दिवाळीला गावी जाल तेव्हा माळ्यावरच्या त्या व्हीएचएस कॅसेट आई भंगारात द्यायच्या आत खाली काढा. वर 'ताईचं लग्न' लिहिलेलं असलं तरी शेवटपर्यंत बघा. लग्न संपल्यावर उरलेल्या टेपवर काय काय रेकॉर्ड करून ठेवायचो, आठवतंय ना? त्यात कुठे 'इंद्रधनुष'चा शेवटचा भाग सापडला तर घाटंजीला एक माणूस वाट बघतोय.